रिसिव्हर दुकानात आणण्याआधी: घरच्या घरी दोष शोधणं आणि स्पीकर जुळवणं

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही: “अण्णा, चालू केल्यावर जरा वेळ वाजतंय, मग टिक करून बंद पडतंय बघा.” समोर काउंटरवर नुसता रिसिव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर वाजवणारा डबा. स्पीकर, वायरी, टीव्ही सगळं घरी, खानापूरला नाहीतर निपाणीला. मी तो टेबलावर घेतो, माझे स्पीकर जोडतो, आणि तो संध्याकाळपर्यंत बिनतक्रार वाजतो. दोष घरीच राहिलेला असतो. गिऱ्हाइकाचा दिवस जातो, बसचं भाडं जातं, आणि वर “दुकानात काहीच सापडलं नाही” म्हणून मनाला रुखरुख. हे टाळता येतं. त्यासाठी लागतो एक साधा मल्टिमीटर, एक स्क्रू ड्रायव्हर, एक पेन्सिल सेल आणि थोडा धीर. रिसिव्हरचं झाकण मात्र उघडायचं नाही. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेले राहतात आणि त्यांचा झटका साधा नसतो.

टिक करून बंद पडणं म्हणजे प्रोटेक्शन. यंत्र स्वतःला वाचवतंय. चालू केल्यावर पाच-सात सेकंदांनी एक टिक येते ती वेगळी. ती स्पीकरचा रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा-तोडणारा आतला स्विच, जोडला गेल्याची, आणि ती यायलाच हवी. काळजीची टिक त्यानंतरची, जिच्यासोबत लाल दिवा लुकलुकतो किंवा पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ दिसतं.

आधी भिंतीतला प्लग काढा. मग मागच्या सगळ्या वायरींचा मोबाईलवर फोटो घ्या, कारण नंतर कुठली वायर कुठे होती हे कुणालाच आठवत नाही. आता स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा. सब-वूफरची पिन, एचडीएमआय, डिशची पिन, सगळंच. नुसता रिसिव्हर प्लगला लावा आणि अर्धा तास चालू ठेवा. चालू राहिला तर दोष बाहेर आहे असं धरा. मग एकेक स्पीकर जोडत जा. प्रत्येक वेळी रिसिव्हर बंद करून, प्लग काढून. ज्या स्पीकरला जोडल्यावर तो परत पडतो, तिथे थांबा.

बहुतेक वेळा सापडतो तो केसाएवढा तांब्याचा एक तंतू. वायर सोलताना सात-आठ तंतू सुटे राहतात, लाल टर्मिनलमध्ये घालताना त्यातला एक बाहेर वाकतो आणि शेजारच्या काळ्याला टेकतो. दुरून दिसत नाही. मोबाईलची टॉर्च आडवी धरली की चमकतो. उपाय सोपा: वायर साधारण एक सेंटिमीटरच सोला, तंतू घट्ट पिळा, जमलं तर सोल्डर न करता बनाना प्लग लावा. सोल्डर केलेलं टोक स्क्रूखाली हळूहळू सैल होतं, म्हणून नको म्हणतो.

तंतू नसेल तर वायर तपासा. आपल्याकडे कौलारू घरांत वायर माळ्यावरून नेतात आणि तिथे उंदीर ती कुरतडतात. नव्या घरांत वायरीवर खिळा मारलेला असतो. दोन्ही टोकं मोकळी करून मीटर ओहमवर ठेवा आणि एका टोकाच्या लाल-काळ्यावर लावा. मीटर काहीच दाखवणार नाही हे बरोबर. काही आकडा आला की वायर आतून शॉर्ट आहे, ती बदला.

एकही वायर नसताना रिसिव्हर पडतो? मग तो पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आतला आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो आणि प्रत्येक प्रयत्नाला शेजारचे भाग सोबत जातात. तो सरळ दुरुस्तीला आणा, सोबत रिमोट आणि तो मागचा फोटो. आणखी एक तपासणी चालू राहणाऱ्या रिसिव्हरसाठी: मीटर डी.सी. मिलिव्होल्टवर घ्या, आवाज शून्य करा, आणि स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर टोकं लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. शंभरच्या वर गेला तर त्या चॅनेलला, म्हणजे त्या लाल-काळ्या जोडीला, स्पीकर जोडू नका, डी.सी. करंट स्पीकरची कॉइल तापवतो आणि जाळतो.

तासाभरानेच पडत असेल तर शोकेसकडे बघा. लाकडी शोकेसच्या बंद कप्प्यात रिसिव्हर, त्याच्या जाळीवर सेटटॉप बॉक्स, त्यावर विणलेला रुमाल, हे चित्र बेळगावातल्या घराघरांत आहे. वर किमान १०-१५ सेंटिमीटर जागा मोकळी हवी, मागची बाजू उघडी हवी. रुमाल दुसरीकडे शोभून दिसेल.

हे सगळं नीट असूनही आवाज वाढवला की पडतो, तेव्हा प्रश्न जुळणीचा असतो, आणि इथे मला जरा थांबून सांगायचंय.

लोक विचारतात वॅट. विचारायला हवं ओहम आणि डेसिबल. रिसिव्हरच्या मागे टर्मिनलशेजारी छापलेलं असतं, ‘६ ते १६ ओहम’ किंवा असंच काहीतरी. स्पीकरच्या मागेही ओहम लिहिलेला असतो. ओहम जितका कमी, तितका करंट रिसिव्हरला जास्त द्यावा लागतो, तितका तो तापतो. स्पीकरचा आकडा रिसिव्हरच्या किमान आकड्याएवढा किंवा जास्त असला की जुळलं. लेबल पुसलं असेल तर मीटर लावा, पण मीटरवर आकडा कमीच दिसतो हे लक्षात घ्या: ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय किंवा आतली वायर सुटलीय.

एकाच टर्मिनलला दोन स्पीकर जोडायची सवय आपल्याकडे फार. एक हॉलमध्ये, एक अंगणात. ८ आणि ८ समांतर जोडले की ४ होतात, ६ आणि ६ चे ३. रिसिव्हर गाणं हळू असताना सांभाळून घेतो आणि बारशाच्या दिवशी पाहुणे जमले की पडतो. ‘स्पीकर बी’ किंवा ‘झोन २’चं टर्मिनल असेल तर ते वापरा, पण ए आणि बी एकत्र चालवायचे असतील तर ओहमची अट पुस्तिकेत बघून घ्या.

आता सगळ्यात जास्त दिसणारी गफलत. जुना डीव्हीडीवाला होम थिएटर सेट, एका खोक्यात पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा डबा असलेला. त्याचं मुख्य युनिट मरतं, स्पीकर चांगले राहतात. येळ्ळूरचे एक मामा असे पाच स्पीकर पोत्यात घालून आले होते. मुलाने नवा रिसिव्हर घेतलेला, त्याला हे जोडायचे होते. उलटा करून बघितलं तर लेबलवर ३ ओहम. मामांना म्हटलं, “मामा, स्पीकर चांगलेच आहेत, पण ह्यांची जोडी त्यांच्या जुन्या युनिटशीच होती. नव्याला हे झेपायचे नाहीत.” शिवाय त्या सेटचा सब-वूफर म्हणजे नुसता डबा आणि स्पीकर असतो, आत अ‍ॅम्प नसतो. नव्या रिसिव्हरच्या ‘सब प्री-आउट’मधून फक्त सिग्नल निघतो, ताकद नाही. तिथे स्वतःचा प्लग असलेला अ‍ॅक्टिव्ह सब-वूफरच लागतो. मामांनी पुढच्या बाजूला दोन ८ ओहमचे बुकशेल्फ, म्हणजे फळीवर ठेवायचे छोटे स्पीकर, घेतले आणि बाकीचं दिवाळीला बघू म्हणाले. ते फार शहाणपणाचं होतं. दोन चांगले स्पीकर पाच सुमार स्पीकरांपेक्षा केव्हाही बरे.

डेसिबलचं गणित एकदा समजलं की दुकानदाराचा वॅटचा मारा चालत नाही. स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ असते, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज. ८ ओहमला ते बरोबर १ वॅट होतं. छोटे बुकशेल्फ साधारण ८५ च्या आसपास असतात, गणपती मंडळाचे मोठे पी.ए. स्पीकर ९७ किंवा त्याहून वर. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे मंडळाचा स्पीकर १ वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८५ वाल्याला १६ वॅट. आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद. ५० वॅटचा रिसिव्हर टाकून ८० चा घेतला तर फरक जेमतेम २ डेसिबलचा. त्या पैशांत ८५ च्या जागी ८९-९० चे स्पीकर घ्या. घरभर फरक कळेल. रोजच्या ऐकण्याला तसेही एक-दोन वॅटच लागतात, बाकीची ताकद ढोलाच्या ठेक्यासाठी आणि स्फोटांसाठी राखीव असते.

खोक्यावरचा वॅटही वाचायला शिका. ‘पीएमपीओ’ दिसलं की तो आकडा विसरून जा, त्याला काही अर्थ नाही. ‘आरएमएस’ बघा, आणि त्यातही कशावर मोजलाय ते. ८ ओहम, दोन चॅनेल एकत्र, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, डिस्टॉर्शन (आवाज बिघडण्याचं प्रमाण) ०.१ टक्क्याच्या आत, हा प्रामाणिक आकडा. ६ ओहम, १ किलोहर्ट्‌झ, एकच चॅनेल, १० टक्के डिस्टॉर्शन, हा फुगवलेला. एकाच रिसिव्हरचे दोन्ही आकडे एकाच पानावर सापडतात, दुसरा जवळजवळ दुप्पट.

वायर. पाच मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरे. मागच्या सराउंड स्पीकरला हॉल ओलांडून दहा-बारा मीटर न्यायची असेल आणि स्पीकर ४ किंवा ६ ओहमचा असेल तर २.५ घ्या. ती बारीक लाल-काळी वायर, अर्ध्या चौरस मिलिमीटरची, दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन पाऊण ओहम वायरीतच जातो. खरेदी करताना एक तंतू ब्लेडने खरवडा; आतून पांढरा निघाला तर तो तांब्याचा मुलामा दिलेला अ‍ॅल्युमिनियम आहे, तांब्याच्या भावात घेऊ नका. हजार रुपये मीटरच्या वायरीची मात्र कुणालाच गरज नाही.

एकाच स्पीकरचं लाल-काळं उलटं लागलं तर काही जळत नाही, पण आवाज पोकळ होतो, बेस गायब होतो. वायर एकाच रंगाची असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. रिसिव्हरकडची टोकं सुटी करून सेलला क्षणभर टेकवा आणि दुसऱ्या माणसाला वूफरकडे बघायला सांगा. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर लाल टर्मिनलची.

एका बाजूचा आवाज येईना, तर रिसिव्हरच्या मागे डाव्या आणि उजव्या वायरी आपसात बदला. शांतता दुसऱ्या बाजूला गेली तर दोष रिसिव्हरमध्ये. त्याच स्पीकरवर राहिली तर स्पीकर किंवा वायर. इतकी साधी कसोटी कुणी करत नाही आणि नवे स्पीकर घेऊन मोकळे होतात. स्पीकरवर संशय आला तर कोनच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हळूच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. जुन्या स्पीकरची फोमची कड हाताला लागताच चुरा होत असेल तर नवी रबरी कड बसवता येते, स्पीकर फेकू नका.

टीव्हीचा आवाज रिसिव्हरमधून येत नाही, ही तक्रार आता पहिल्या क्रमांकाच्या जवळ आलीय. टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय सॉकेटांतून आवाज परत येत नाही. ज्याच्यावर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ छापलंय त्यातूनच येतो. रिसिव्हरला तीच वायर ‘एचडीएमआय आउट’मध्ये हवी. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांशी बोलायची सोय) चालू करा. सॅमसंग त्याला ‘अ‍ॅनीनेट प्लस’ म्हणतं, एलजी ‘सिमलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’. ऑडिओ आउटपुट पीसीएमवर असेल तर ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ करा. पीसीएमवर बऱ्याच टीव्हींतून फक्त दोन चॅनेल निघतात आणि मागचे स्पीकर गप्प राहतात. तरी येईना तर दोन्हींचे प्लग दहा मिनिटं काढून ठेवा, आधी टीव्ही लावा, मग रिसिव्हर. ऑप्टिकल वायरीतून ५.१ पर्यंत (पाच स्पीकर आणि एक सब-वूफर) साधा डॉल्बी डिजिटल जातो. अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज आल्यासारखा वाटणारा डॉल्बीचा प्रकार) त्यातून जात नाही. बऱ्याच टीव्हींतून डीटीएस, म्हणजे डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार, पुढे जात नाही. तशी फाइल असेल तर प्लेयर थेट रिसिव्हरला जोडा. आणि केबलवरच्या बहुतेक वाहिन्या मुळात दोनच चॅनेलच्या असतात. तिथे मागचे स्पीकर गप्प असणं हा दोष नाही. रिसिव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘न्यूरल एक्स’ निवडलं की वाजतील.

एचडीएमआय लावताना-काढताना दोन्हीकडचे प्लग आधी काढा. गल्लीतल्या जुन्या घरांत अर्थिंग नसतं. टीव्हीच्या मागच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. तोच उरलेला व्होल्टेज वायर लावताना एचडीएमआयच्या चिपमधून जातो आणि ती मरते. अर्थिंग करून घेण्याचा खर्च बोर्ड बदलण्यापेक्षा खूप कमी आहे. जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला.

सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर डिशची किंवा केबलची पिन सेटटॉपमधून उपसून बघा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या दोन वाटांमुळे येणारा आवाज. सगळं एकाच बोर्डवर आणा, तरी राहिला तर केबलच्या वाटेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची वाट तोडणारा छोटा तुकडा) लावा. प्लगची अर्थची जाड पिन कापून हूं थांबवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हूं थांबतो, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर पूर्ण डब्यावर करंट येतो, आणि घरात लेकरं असतात.

आमच्या भागाचं खरं दुखणं म्हणजे हवा आणि वीज. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस कडकडाट करत येतो. स्विच बंद करून भागत नाही. प्लग ओढून काढा आणि डिशची वायरही काढा. वीज छपरावरच्या डिशमधून सेटटॉपमध्ये, तिथून एचडीएमआयमधून टीव्ही आणि रिसिव्हरमध्ये शिरते. वळवानंतरच्या आठवड्यात माझ्या टेबलावर अशीच यंत्रं असतात, आणि त्यातली निम्मी भरवशाने दुरुस्त होत नाहीत.

मळ्यातल्या वस्तीवर थ्री फेज आली आणि सगळ्यांचे पंप एकदम चालू झाले की व्होल्टेज खाली बसतो. रिसिव्हरचा रिले सुटतो आणि लोकांना वाटतं बिघाड झाला. त्या वेळी मीटर ए.सी. व्होल्टवर घेऊन प्लगमध्ये लावून बघा. २३० च्या जागी १७०-१८० दिसत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो, त्यावर रिसिव्हर चालवू नका. आणि अमेरिकेहून कुणी आणून दिलेला रिसिव्हर १२० व्होल्टचा असू शकतो. मागचं लेबल वाचल्याशिवाय आपल्या प्लगला लावायचा नाही. त्याला पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो.

जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना भिंतीला येणारी बुरशी सांगायला नको. तीच ओल रिलेच्या आत जाते. लक्षण ठरलेलं: हळू आवाजात एक बाजू गप्प किंवा खरखरती, आवाज वाढवला की टपकन चालू. रिले साफ करून किंवा बदलून काम होतं, आणि ते स्वस्त आहे. पावसाळ्यात रिसिव्हर रोज थोडा वेळ चालू ठेवला तर आतली ऊब ओल बाहेर ठेवते. मागच्या आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांच्या) सॉकेटांवर हिरवट थर आला तर काँटॅक्ट क्लीनर मारा, गंज सोडवायचं तेल नको. पाल आणि झुरळं ऊब शोधत आत जातात, त्यांच्यामुळेही शॉर्ट होतो; जाळी झाकू नका, पण शोकेसच्या मागे खायचं काही पडू देऊ नका.

सगळं वाजायला लागलं की मग मायक्रोफोनवालं सेटअप करा, ज्यात रिसिव्हर माईकने ऐकून स्पीकर स्वतः जुळवतो. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी. माईक कानाच्या उंचीवर, स्टँडवर ठेवा, सोफ्याच्या पाठीवर नको. पंखा बंद, खिडक्या बंद, रात्री गल्ली शांत झाल्यावर. नंतर आकडे तपासा. सब-वूफरचं अंतर खरं त्याहून जास्त दाखवलं तर ते बरोबर आहे, त्याच्या आतल्या सर्किटला वेळ लागतो तो त्यात धरलेला असतो. बुकशेल्फना ‘लार्ज’ ठरवलं असेल तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सब-वूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्‌झला ठेवा. फारच छोटे असतील तर १०० किंवा १२०. बेसचं ओझं सब-वूफरकडे गेलं की रिसिव्हर थंड राहतो आणि छोट्या स्पीकरचा आवाज मोकळा होतो.

ग्रॅनाइटची फरशी आणि मोकळ्या भिंती असलेल्या हॉलमध्ये संवाद घुमतात. कुठलंही सेटिंग ते पूर्ण घालवू शकत नाही. समोर एक जाड सतरंजी, खिडकीला पडदा, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. तरी बोलणं ऐकू येईना तर सगळा आवाज वाढवू नका, फक्त सेंटरची, म्हणजे मधल्या संवादाच्या स्पीकरची, लेव्हल २ डेसिबलने वाढवा. सेंटर टीव्हीखाली खालच्या फळीवर असेल तर पुढची बाजू थोडी उचलून त्याचं तोंड कानाकडे करा. सामाईक भिंतीच्या घरात रात्री बघत असाल तर ‘नाईट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ची सेटिंग चालू करा. कुजबुज ऐकू येते, स्फोट दबतात, आणि शेजारच्या काकूंची झोपमोड होत नाही.